अनंताच्या कुंडीत आगळ

आमच्या घरचा अनंत वाचवला तो पारूमावशीने. पारूमावशी बुधवारी आणि शुक्रवारी गोराईहून मासे घेऊन येते आणि तिने बागकामाचा कुठलाही कोर्स केलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ह्या कामगिरीबद्दल भलत्याच बाईंचं अभिनंदन झालंय. अंगठे, टाळ्या, पुष्पगुच्छ, सगळं! आणि हात जोडल्याचं पहिलं चित्र टाकलं होतं मी स्वतः.

आता अनंत मरायला कोणी टाकला, तर तोही मीच.

मी मूळचा कुडाळकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. ('सुटली' म्हणायचं. 'सोडली' म्हटलं की लोक कारण विचारतात.) गेली अकरा वर्षं बोरिवलीत आत्याकडे राहतो आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांच्या डिग्र्यांच्या प्रती काढतो. एका दिवसात माझ्या हाताखालून जेवढे इंजिनिअर जातात तेवढे कॉलेजातूनसुद्धा जात नसतील! आत्याने आणि काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, मला घरात घेतलं ते 'दोन महिने बघू' म्हणून. त्या दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली, तरी कुणी विषय काढला नाही. पण माझ्या पोटातली भीती काही जात नाही. आज ना उद्या कुणीतरी विचारणार, 'झाले का रे दोन महिने?' म्हणून मी सगळ्यांचं सगळं ऐकतो. कुणी सल्ला दिला की 'हो' म्हणतो, वर 'थँक्यू' म्हणतो आणि लगोलग तसं करून मोकळा होतो. 'नाही' कसं म्हणायचं ते बहुतेक आठवीत शिकवत असावेत.

काका गेल्या वर्षी मे महिन्यात गेले. जाताना मागे ठेवलं ते गॅलरीतलं अर्धं कापलेलं निळं पिंप आणि त्यात लावलेला अनंत. गावाहून मांडीवर ठेवून आणलेलं रोप होतं ते. काका त्याच्याशी गप्पा मारायचे. आमच्याशी फारसं बोलायचे नाहीत, पण झाडाला रोजच्या बातम्या सांगायचे. ते गेल्यापासून झाडाचं पहिलं फूल आत्या त्यांच्या फोटोला लावते आणि मगच चहा घेते.

आणि यंदा एप्रिलमध्ये आत्या लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला निघाली. दाराशी पिशवी ठेवून तिने मला गॅलरीत नेलं.

"बाबू, मी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी येतलंय. त्या दिवशी फोटोक ह्येच झाडाचा फूल होया. बाजारातला नाय."

"होय आत्या."

"रोज पाणी घाल आणि गप रव. दुसरा काय एक करू नको. समाजला?"

"समाजला आत्या. थँक्यू."

सूचना दोनच होत्या. पाणी घाल, गप राहा. पाणी मी घातलं.

आठवड्याभरात खालची चार पानं पिवळी पडली. (जुनी पानं अशी पडतातच, माणसाचे केस गळतात तशी, हे ज्ञान मला नंतर झालं.) एक पान घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांकडे धावलो. सावंतकाका गिरणीतून रिटायर झालेले. डाव्या तळहातावर कायम तंबाखू, उजव्या हातात चुन्याची ट्यूब. त्यांनी पान उजेडात धरलं, ट्यूब दाबावी तसं दाबलं आणि निदान केलं.

"चुना कमी पडलाय."

"झाडाला?"

"अरे, झाड काय आणि माणूस काय! हाडं ठिसूळ झाली की रंग उतरतो. चुना घाल. अंड्याची टरफलंपण घाल कुटून. एकदम ऑरगॅनिक!"

झाडाला हाडं असतात का, हे विचारायला हवं होतं. पण माणूस एवढ्या आपुलकीने सांगतोय! मी थँक्यू म्हटलं, भिंतीला लावायच्या चुन्याची पुडी आणली आणि अर्धी पिंपात ओतली. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी ओतली, कारण सकाळीच जिन्यात सावंतकाकांनी विचारलं होतं, "घातलास ना रे?" आणि मला 'थोडासा घातला' म्हणायची लाज वाटली. वर अंड्यांची टरफलं. आठवडाभर मी तिन्ही त्रिकाळ भुर्जी खाल्ली ती केवळ वनस्पतिशास्त्रासाठी.

आता वरची नवी, कोवळी पानंही पिवळी झाली! शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान लिंबाच्या सालीसारखं. संध्याकाळी आत्याचा व्हिडिओ कॉल.

"झाड दाखव."

"आत्या, इथे रेंज नाय."

"मागच्या येळाक तर गॅलरीतच रेंज होती मा?"

"टॉवर हललाय आत्या." आणि मी कॉल कापला. ज्या बाईने मला अकरा वर्षं जेवायला वाढलं, तिला टॉवर हलल्याचं सांगितलं!

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून चौथ्या मजल्यावर प्रधानमॅडमकडे गेलो. प्रधानमॅडम म्हणजे आमच्या सोसायटीचा गच्चीवरचा बाग विभाग. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'अर्बन फार्मर' लिहिलंय. त्यांच्या कुंड्यांना पाणी माळी घालतो, खत माळी घालतो, टोमॅटो माळी तोडतो. फोटोत तेवढ्या मॅडम असतात. 'माती तुमच्याशी बोलते' नावाची त्यांची कार्यशाळा आहे. (मातीने त्यांच्याशी काय बोलावं! समोरासमोर भेट झाली तर ना.)

मॅडम हातमोजे घालून आमच्या गॅलरीत आल्या. दोन सळ्या आणि वर घड्याळासारखी तबकडी असलेलं एक यंत्र त्यांनी पिंपात खुपसलं आणि डोळे मिटले.

"पीएच बिघडलाय."

मी मान हलवली. मला पीएच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण बिघडलाय म्हटल्यावर शरम वाटली.

"म्हणजे माती आंबट की अल्कली, त्याचं माप," मॅडम म्हणाल्या. "शून्य ते चौदा. सात म्हणजे मधोमध. काटा बघ. सात. अनंताला आंबट माती लागते, साडेपाच, फार तर सहा. माती अशी वर गेली की झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. म्हणून पानं पिवळी. कळतंय का?"

कळत होतं! माती सातवीत होती. मी सातवी पास. एकाच इयत्तेतले आम्ही दोघं, आणि तिला साडेपाचवीत उतरवायची होती. आमच्या शाळेत पोरांना वर ढकलायचे, खाली आणल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण शहर आहे, असेल पद्धत.

"काय घालू मॅडम?"

"काहीही ऑरगॅनिक आंबट. पण हळूहळू. आणि तू चुना-बिना नाही ना घातलास?"

उघड्या दाराबाहेर जिन्यात सावंतकाका उभे होते. त्यांच्या देखत मी त्यांचा चुना कसा काढू? "नाही मॅडम," मी म्हटलं. "थँक्यू मॅडम."

मग माझी आंबट मोहीम सुरू झाली. पहिल्या दिवशी लिंबू. दुसऱ्या दिवशी ताक. तिसऱ्या दिवशी मुंग्या. चौथ्या दिवशी गॅलरीला असा वास सुटला की बाजूच्या खिडकीवरची कबुतरं स्वतःहून घर सोडून गेली. (सोसायटीने दोन वर्षं जाळ्या लावून जे जमलं नव्हतं, ते मी दोन पेले ताकात केलं!) पण पानं पिवळी ती पिवळीच. वर्षश्राद्धाला उरले अठरा दिवस. फांद्यांवर सहा कळ्या होत्या, त्या रोज सकाळी देवाचं नाव घेऊन मोजायच्या.

पाचव्या दिवशी दोन कळ्या गळाल्या आणि माझा धीर सुटला. घरातली सर्वांत आंबट वस्तू कुठली? मी कपाटं उघडली. खालच्या फळीवर मागे, कापडात गुंडाळलेली बाटली. कोकमाचं आगळ! माझ्या आईने गावाहून पाठवलेलं, वर्षभराच्या सोलकढीचं. त्याचा थेंब जिभेवर पडला तर डावा डोळा आपोआप मिटतो. ह्याहून ऑरगॅनिक काय असणार? आईच्या हातचं!

'हळूहळू' म्हणाल्या होत्या मॅडम. पण हळूहळूला वेळ कुठे होता? मी अख्खी बाटली ओतली.

तर झालं असं की आगळ पडल्याबरोबर मातीतून फस्स आवाज आला. सोड्याची बाटली फोडावी तसा! टरफलांचा फेस आला. आणि लालभडक आगळ माझ्या डोळ्यांदेखत आधी जांभळं झालं, मग निळसर, मग शाळेतल्या दौतीत पाणी घातल्यासारखं काळपट. मी एक पाऊल मागे सरलो. वाटलं, फोटोतले काका रागावले!

पिंपाच्या तळच्या भोकांतून ते पाणी निघालं, गॅलरीच्या कडेवरून खाली गेलं. खाली सावंतकाकांचा पांढरा स्वच्छ सदरा वाळत होता. पुतणीच्या साखरपुड्याचा.

"कोण रे तो वरचा?" खालून आरोळी आली. "शाई ओततोस काय?"

"काका, आगळ आहे!"

"आगळ लाल असतं! मला शिकवतोस? मी मालवणचा आहे!"

"तुमच्या चुन्यामुळे निळं झालं काका!"

ही चूक झाली. एक तर खरं बोललो, आणि ते मोठ्याने बोललो. चौथ्या मजल्यावरून प्रधानमॅडमचं डोकं बाहेर आलं. "चुना? तू म्हणालास चुना नाही घातला!" खालून सावंतकाका: "चुन्याला नाव ठेवता? तुमच्या त्या काट्याने काय दिवे लावले?" वरून मॅडम: "शास्त्र आहे ते!" मधल्या मजल्यावर मी, दोघांना हात जोडून, "थँक्यू काका, सॉरी मॅडम, थँक्यू मॅडम, सॉरी काका!"

तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. इस्त्री लागावी तशा. कळ्यांपैकी उरली एक. मातीवर पांढरी साय धरली. इकडे आत्या रोज सकाळी फोन करून काकांच्या फोटोचं दर्शन मागायची, तेव्हा मी स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडून तगर आणून लावू लागलो. पांढरं फूल ते पांढरं फूल. फोनवर वास थोडाच जातो? आत्या बघायची, गप्प राहायची आणि फोन ठेवायची. तिचं ते गप्प राहणं मला चुन्यापेक्षा जास्त पोळायचं. मी पलंगाखालची माझी बॅग काढली आणि झटकून ठेवली. म्हटलं, वेळ आली तर कुणी सांगायच्या आधी आपणच निघालेलं बरं.

शुक्रवारी दारात हाक आली, "पापलेट, बांगडाऽ!" पारूमावशी. गेली वीस वर्षं आत्याला मासे देणारी कोळीण. ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की मासे धुतलेलं पाणी झाडाला अमृत. मी बालदी घेऊनच पुढे झालो.

"मावशी, मासे नकोत. माशांचं पाणी देता का?"

तिने मला खालून वर न्याहाळलं. "मासा नको, पानी पायजे? काय आजारी हाईस काय?"

"झाडाला."

"बगू झाड."

टोपली दारात ठेवून ती थेट गॅलरीत गेली. पिंपाकडे बघितलं. पांढऱ्या सायीकडे बघितलं. मग वाकून तिने चिमूटभर माती उचलली आणि जिभेला लावली! तिने थू केलं, पदराने तोंड पुसलं आणि कमरेवर हात ठेवले.

"किती मीठ घातलास?"

"मीठ? नाही मावशी! फक्त आगळ. ऑरगॅनिक."

"आगळात मीठ कोन घालतं? माजी सासू? अरे बाबा, मिठाबिगर आगळ वरीसभर टिकल काय?"

कोकणात जन्मलो, आगळावर वाढलो, आईला दर मे महिन्यात कोकमाच्या रसात ओंजळ-ओंजळ मीठ घालताना पाहिलं. आणि ते मला गोराईच्या बाईने सांगायचं!

"आमी मासा खारवतो रे," पारूमावशी म्हणाली. "झाड नाय! तू तर सुकट करून ठेवलास ह्याची. दोन दिस उनात घातलास की बाजारात नेते मी."

"मावशी, मेलं का हो हे?"

तिने एक काडी नखाने खरवडली. आत हिरवं होतं. "हाय जीव. खारा मासा कसा धुतोस? येकदा बुडवून भागत नाय. पानी घालायचं, सोडायचं. घालायचं, सोडायचं. जवापर्यंत जीभ खारट बोलते तवापर्यंत. वरची माती काडून फेक. भोकं मोकळी कर. आन मातीत हा चुना दिसतो तो कुनी सांगितला, त्याला मना दाखव."

मी दाखवला नाही. माणुसकी असते.

त्या दिवशी मी पिंपात सव्वीस बालद्या ओतल्या. पारूमावशी तीन वेळा परत आली, प्रत्येक वेळी माती चाखून "अजून" म्हणाली आणि पुढच्या बिल्डिंगमध्ये बोंबील विकायला गेली. खाली सावंतकाका गॅलरीत छत्री उघडून बसले होते. मे महिन्यात, रणरणत्या उन्हात! चौथ्या खेपेला मावशीने चाखलं, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाली, "आता मातीसारकी लागते."

तेवढ्यात मी मॅडम आमच्याकडे विसरून गेलेलं यंत्र खुपसून पाहिलं. सात. मला शंका आली. चहाच्या कपात घातलं. सात. लिंबाच्या फोडीत घातलं. सात! सावंतकाकांच्या चुन्याच्या ट्यूबला टेकवलं, तिथेही सातच. त्या यंत्राने माझ्यासारखंच सातवीला शिक्षण सोडलं होतं.

राहिला प्रश्न नव्या मातीचा. आईला फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

"अख्खी बाटली?" आई म्हणाली.

"अख्खी."

"अनंत आमच्या तांबडे मातीतलो रे. ती मूळचीच आंबट. माती धाडतंय. आणि आता तेच्यात काय्येक घालू नको. माझी शपथ आसा."

तिसऱ्या दिवशी पहाटे गावच्या बसने गोणी आली. मे महिन्यात गावाहून गोणी येते म्हणजे काय असतं, हे आख्ख्या बोरिवलीला माहीत! वॉचमनने धावत येऊन हात लावला. सावंतकाका सदऱ्याचा राग विसरून जिन्यात आले. "हापूस का रे?" प्रधानमॅडमसुद्धा लिफ्टमधून उतरल्या, "अरे वा, यंदा लवकर!" मी गोणी सोडली. आत तांबडी माती. सगळे एकदा मातीकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

"आंबे खाली असतील," सावंतकाका म्हणाले आणि कोपरापर्यंत हात घातला. तळापर्यंत मातीच होती. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चुन्याचा अपमान त्यांनी गिळला होता, पण हा नाही.

तांबड्या मातीत झाड बसवलं. मग मी पाणी घातलं आणि गप राहिलो. (आयुष्यात पहिल्यांदा. फार कठीण काम आहे!) आठव्या दिवशी शेंड्याला दोन पानं फुटली, हिरवीगार. ती शेवटची कळी फुगू लागली. प्रधानमॅडमनी हातमोजे घालून शेजारी उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'पीएच साडेपाच! माझ्या मार्गदर्शनाखाली.' टाळ्यांचा पाऊस. मॅडमनी मला खालीच टॅग केलं होतं. काय करणार? हात जोडले.

आत्या ठरल्या दिवशी आली. पिशवी ठेवली, पाय धुतले, गॅलरीत गेली. झाडाकडे बघितलं, फरशीवरच्या जांभळट डागांकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात गेली, खालचं कपाट उघडलं आणि बंद केलं.

"आगळ खंय गेला?"

"झाडाक घातलंय आत्या."

"सगळा?"

"सगळा."

"आणि ह्यांच्या फोटोक तगर लावलंस ती? माका काय वाटला असतला? फोटोतसुद्धा तेंचा तोंड वाकडा दिसत होता."

तिची नजर माझ्या बॅगेवर गेली. "ही कित्याक काढलंस?"

"झटकूक, आत्या."

तिने बॅग उचलली, पायाने पलंगाखाली ढकलली. "अकरा वर्सा झाली तुका हंयसर. मी काय बोललंय? झाडाक मात्र बोलाक येत असता, तर तेना तुका कधीच भायर काढला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळी उमलली. पुरी नाही, अर्धी. मी घाबरून उभा. आत्याने ती अलगद खुडली, वास घेतला, काकांच्या फोटोला लावली आणि बराच वेळ बघत राहिली.

"चालात," ती म्हणाली. "हेंका पण पुरी जाग येवक धा वाजत." आणि चहा टाकायला आत गेली. दहा वाजता बघतो तर फोटोवरचं फूल पूर्ण उमललं होतं.

पुढच्या बुधवारी मी पारूमावशीला जिन्यात गाठलं. म्हटलं, मावशी, तुमचे उपकार कसे फेडू ते सांगा. काहीही सांगा, करतो. तिने टोपली डोक्यावर नीट बसवली.

"करशील?"

"शपथ."

"माज्या घरला तुळस हाय. तिच्याकडं फिरकू नकोस."

ते वचन मी पाळतोय. पण एवढ्याने माझं समाधान नाही. एक दिवस मी तिचे उपकार फेडणारच, काहीतरी चांगलंसं घेऊन गोराईला तिच्या दारात उभा राहणार. फक्त मला आतापासूनच खात्री आहे की मी जे काही नेईन, साडी असो की सोनं, ती ते आधी जिभेला लावून बघेल.